कुणाचं तरी कार्टं

उद्या बाबांच्या पहिल्या स्मृतिदिनाला विहारात व्हिडिओ दाखवायचा होता अन् सुगत मेटाकुटीला आला होता. जुन्या कॅसेटींवरून कॉम्प्युटरवर घेतलेल्या प्रत्येक क्लिपमध्ये कुणाचं तरी कार्टं भोकाड पसरून बाबांचं बोलणं बुडवत होतं. त्यात चित्र सारखं हलणारं. शेवटी त्यानं सॉफ्टवेअर लावून रडणं पुसलं, हलणं थांबवलं. आता मुदखेडच्या घरापुढं दादाला सायकल शिकवणारे बाबा स्पष्ट दिसत होते. पण मधेच कॅमेऱ्याकडं वळून उगाच टाळ्या वाजवत होते. “सगळीकडं दादाच! मी एकातबी न्हाई,” तो आईवर उखडला. आईनं पडद्याकडं पाहिलं. “रडणं कुठं गेलं रे? रडणारं तूच की! तुला कडेवर घेऊन मीच शूटिंग काढायचे.” सुगतनं सगळं पहिल्यासारखं केलं. चित्र हललं, भोकाड सुरू झालं. बाबांनी वळून टाळ्या वाजवल्या अन् कार्टं गप्प झालं.