एक्केचाळिसावं उत्तर

मोबाइलवरून उत्तरं द्यायचा हा प्रयोग जमला, तर नव्या बाईंची नोकरी आज पक्की होणार होती. प्राचार्य स्वतः मागच्या बाकावर येऊन बसले होते आणि चाळीस मुलं मोबाइल सरसावून तयार होती.

पडद्यावर प्रश्न आला. उत्तरं धडाधड पडली. एक्केचाळीस!

"बाई, भूतसुद्धा अभ्यासाला लागलं!" कुणीतरी ओरडलं आणि वर्ग खो खो हसला.

प्राचार्य हसले नाहीत. "मुलं चाळीसच आहेत ना?"

"आत्ता पकडते चोर, सर." बाईंनी सगळे मोबाइल टेबलावर गोळा करून बंद केले, दोनदा मोजले. चाळीस. मग त्यांनी नवा प्रश्न टाइप केला : तू कुठे आहेस? पुढे, मधे, मागे. पेपर काढायच्या सवयीने चौथा पर्यायही त्यांनी ठोकून दिला : यांपैकी कुठेही नाही.

एक उत्तर आलं. चौथ्या पर्यायावर.

आता कुणीच हसेना. बाईंनी मागे पाहिलं. प्राचार्यांनी आपले रिकामे हात हळूहळू वर केले.

नोकरीचं बाई साफ विसरल्या, कारण पडद्यावर उत्तरांचा आकडा एकाचा दोन झाला होता.