खाडीचं पाणी

पाण्याची धार एकाएकी मेली. धोंडूच्या हातातला पाइप ढिला पडला आणि सेलेस्तीनच्या घराच्या माळ्यावर जरा दबलेली आग पुन्हा वाशांना झोंबली.

"रॉकी! पंप कित्याक बंद केलंस?"

पंप बंद नव्हता. खाडीच्या काठावर तो नुसती हवा ओढत किंचाळत होता. धोंडूनं मागं वळून पाहिलं आणि त्याचं डोकंच फिरलं. जिचं घर जळत होतं ती सेलेस्तीन, पासष्टीची बाई, गुडघाभर पाण्यात उभी होती, आणि पंपाचं खाडीत सोडलेलं तोंड तिनं दोन्ही हातांनी वर उचलून धरलं होतं. रॉकी, धोंडूच्याच अग्निशमन दलातला गणवेशातला माणूस, तिच्याशेजारी मान खाली घालून उभा.

"मावशी, सोड ता! घर जाता तुजा!"

"जाव दे. खारा पाणी मारू नको."

बंबातलं गोडं पाणी संपत आलं होतं. उरलं होतं जेमतेम हजार लिटर, म्हणजे दोन-तीन मिनिटांचा खेळ. दुसरा बंब मालवणहून निघाला होता. पण देवबागचा रस्ता तो केवढासा, आणि एप्रिलातल्या रविवारी त्यावर पर्यटकांच्या गाड्या एकीला एक चिकटून उभ्या. यायला पाऊण तास तरी लागणार होता. म्हणून तर धोंडूनं पन्नास पावलांवरच्या खाडीत छोटा पंप टाकला होता. पिंगुळीकडचा, खाडीपासून लांब वाढलेला माणूस तो. एवढं पाणी समोर असताना घर जळू द्यायचं, ही अक्कल त्याला कुणी शिकवली नव्हती.

घरात कुणी नव्हतं, एवढंच बरं. सेलेस्तीन एकटीच राहायची. न्हाणीच्या चुलीतली ठिणगी झावळ्यांवर पडली आणि झावळ्यांवरून आग माळ्यावर चढली. तिला आणि सिलिंडरला तेवढं वेळेत बाहेर काढलं होतं.

धोंडू धावत काठावर गेला. "पंप गंजतलो म्हणान भियालंस रे?"

"पंपाचा नाय ओ," रॉकी म्हणाला. हा इथल्याच किनाऱ्यावर वाढलेला. त्यानं हनुवटीनं घरामागं दाखवलं. भिंतीपासून चार हातांवर चिऱ्यांच्या कठड्याची विहीर होती. "ती बाव बघा. हयसर सगळी रेव आसा. छपरावरचा पाणी खाली इला काय सरळ बावीत."

"समुद्र आत इल्लो त्या वर्षी," सेलेस्तीन धापा टाकत म्हणाली, पण हात काही तिनं खाली केले नाहीत, "दोन पावसाळे बाव खारी रवली. बारा घरा टँकराची वाट बघत बसली. इसरलय नाय मी."

धोंडूनं घराकडे वळून पाहिलं. मिनिटभर तरी त्यानं खारं पाणी मारलं होतं. पुढच्या बाजूला मारलं होतं खरं, पण वाळूला पुढची बाजू आणि मागची बाजू काय कळते?

"मावशी, घर जळान जातला."

"घर माजा आसा रे. बाव माजी एकटीची न्हय."

शेजारच्या काशीबाईला हुंदका फुटला. वारा तिच्याच छपराकडे होता, ठिणग्या तिच्या अंगणात पडत होत्या. "अगो सेलेस्तीन, घर वाचव! पाणी आमी खंयसूनय हाडू!" तिच्यामागं घागरी घेऊन वाडीतली माणसं उभी होती. सगळे त्याच बावीचं पाणी पिणारे. घर जळू दे, असं म्हणणार तरी कुठल्या तोंडानं?

खिशातला फोन वाजला. मालवणहून साहेब होते.

"खाडी समोर आहे ना? मग पाणी मारा! विचार कसला करताय?"

"हो साहेब," म्हणून धोंडूनं फोन ठेवला. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यानं वरचा शब्द कधी मोडला नव्हता. माळ्यावरची एक तुळई कडाडली. सेलेस्तीननं पाइप आता खांद्यावर टेकवला होता, पण पाण्याबाहेरच.

"पंप काढ, रॉकी," धोंडू म्हणाला. "बंबातला होता तेवढा पाणी काशीबायच्या छपरार मार. ह्या घर सोड."

सोड. हा शब्द घशाबाहेर काढताना त्याला रडू आलं, आणि ते लपवायचंही त्याला सुचलं नाही.

काशीबाईचं छप्पर भिजलं. सेलेस्तीनचं घर अर्ध्या तासात बसलं. कौलं तडतडत फुटत होती तोवर ती नुसती बघत राहिली. आल्ताराची, घरातल्या देव्हाऱ्याची भिंत कोसळली तेव्हा तिनं छातीवर क्रूस काढला आणि ओल्या गाऊनचा घोळ पिळला. दुसरा बंब आला तो निखारे विझवायला.

मग ती बावीकडे गेली. रहाटाचा दोर धुरानं काळा झाला होता. तिनं कळशी सोडली, भरून वर ओढली. वाडी सगळी कठड्याभोवती जमली. सेलेस्तीननं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. धोंडूला ते एक मिनिट आठवलं.

तिनं घोट गिळला. कळशी त्याच्यापुढं केली.

"गोडा आसा. पी."

तो प्यायला. छाती भिजेपर्यंत प्यायला. एवढ्यात पुन्हा फोन वाजला.

"घर पूर्ण गेलं?"

"पूर्ण, साहेब."

"समोर खाडी असून?"

"हो साहेब."

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला. "उद्या तुम्हाला लेखी द्यावं लागेल. बरं, नुकसानीत घर लिहिलं. वाचवलेल्या मालमत्तेत शेजारचं घर. आणखी काही?"

काशीबाईनं कळशी बावीत सोडायला हात पुढं केला होता, पण ती थांबली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती सेलेस्तीनच्या तोंडाकडे बघत परवानगीची वाट पाहत होती.

"विहीर लिहा, साहेब," धोंडू म्हणाला. "बारा घरांची."