पक्के टाके

मागच्या वर्षी दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत, रात्रीच्या नाटकात दुःशासनानं ओढताच द्रौपदीचं गंगावन त्याच्याच हातात आलं. गाव खो-खो हसलं. द्रौपदी मीच होतो. गावात हसं झालं म्हणून तेव्हापासून माय माझ्याशी बोलेना. यंदा बायकोनं कुडाच्या भिंतीत खोचलेली आपल्या गळलेल्या केसांची गुंतवळ काढली, गंगावन वळलं आणि माझ्या वाढवलेल्या केसांत सुईदोऱ्यानं शिवून टाकलं. दुःशासन ओढून ओढून घामाघूम झाला. वेणी सुटली नाही. बाया रडल्या. माझं डोकं इतकं दुखलं, की मीही खरंच रडलो. सकाळी अंगणात बायको टाके उसवू लागली. "हळू ना वं, टकला करतं काय मले?" मी ओरडलो. तेवढ्यात माय आली. तिनं एक टाका ओढून पाहिला, आत गेली आणि पांढऱ्या केसांचा पुंजका आणून सुनेच्या ओंजळीत ठेवला. "पुढल्या मंडईले माहे केसबी घालजो. आतल्या बाजूनं शिव, पण पक्के शिव."