दीड मात्रेची जागा

मोगराबाईचा पाय हवेत थांबला आणि जितेंद्र कीबोर्डवरून मान वर करून बघतच राहिला.

त्या जागी थांबायचं असतं, हे जगात दोघांनाच माहीत होतं: चाल बांधणाऱ्या जितेंद्रला आणि ती गाणाऱ्या डिंपलला. सरळ चाललेली ओळ तिथं दीड मात्रा गप्प बसते आणि मग भलतीकडूनच उठते. आज ती पहिल्यांदाच चारचौघांत वाजत होती. आणि सूर तिथं पोचायच्या आतच सातपुड्याच्या पायथ्याची ही म्हातारी एक पाय उचलून वाट बघत उभी होती. बहुधा सुराला उशीर झाला होता.

जितेंद्रची आधीची तिन्ही अहिराणी गाणी गाजली आणि तिन्ही पकडली गेली. पहिलं दक्षिणेतल्या सिनेमाचं निघालं. दुसरं साबणाच्या जाहिरातीचं. तिसरं देवपुरात रोज सकाळी घंटागाडीवर वाजायचं, आणि जितेंद्र देवपूरचाच होता. तेव्हा त्याने आपल्या गाण्यांच्या चॅनलवर शपथ घेतली, "पुढची चाल आधी ऐकलेला एक जरी माणूस निघाला, तर कीबोर्ड विकीन आणि काकांच्या मळ्यात केळीचे घड वाहीन." मग सगळा उन्हाळा तो कानांत कापसाचे बोळे घालून हिंडला. कापूसही घरच्या शेतातला. बाहेरचा प्रभाव नको.

आता त्याच्या मित्राच्या, कुवरसिंगच्या, बहिणीच्या हळदीला मांडवात बायकांची रांग नाचत होती. रांगेच्या टोकाला कुवरसिंगची आजी मोगराबाई. पुन्हा ती जागा आली. पुन्हा तिचा पाय आधी थांबला आणि मागोमाग बठ्ठी, सगळीच्या सगळी रांग थांबली.

जितेंद्रने कीबोर्डवरून हात काढले. डिंपलनेही माईक खाली घेतला.

रांग थांबली नाही. मुक्या मांडवात नुसते पाय पडत राहिले, आणि त्या पायांतून त्याची चाल, त्याच्या थांब्यासकट, जशीच्या तशी ऐकू येत राहिली. जितेंद्रच्या अंगावर काटा आला. इतकी सुंदर ती कीबोर्डवर कधीच वाजली नव्हती.

"घ्या, कलाकार," डिंपल हळूच म्हणाली, "घड उचला."

तो उठला. मोगराबाईने हसून त्याचा हात धरला आणि त्याला रांगेत ओढलं. दीड मात्रेची जागा आली. बठ्ठे थांबले. एकटा जितेंद्र पुढे गेला आणि नवरीच्या मामावर आपटला.

"अक्का," तो उठत, हात जोडत म्हणाला, "कीबोर्ड आजच विकतो. फक्त सांगा, ही चाल कुठं ऐकली?"

मोगराबाई नुसतीच हसली. हसू आवरत कुवरसिंग मध्ये आला.

"तिले काय इचारस, भाऊ? आजी जनमपासून बहिरी शे. आमीच बठ्ठा तिना पाय देखीसन नाचाले शिकनूत."