बिनकडीचं दार

जेवण उरकताच सुतार नेहमीसारखा बाथरूममध्ये शिरला आणि कडी लावायला गेला, तर कडीच जाग्यावर नाही. स्क्रूंची चार भोकं उरली होती. खाल्लेलं ओकून टाकल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही, हे त्यानं फक्त बायकोला सांगितलं होतं, तेही गळ्याची शपथ घालून. तो तसाच बाहेर आला. “कडी कुणी काढली?” बायकोनं मान खाली घातली. थोरला भाऊ म्हणाला, “मी. हिनंच सांगितलं सगळं. तुझ्या भल्यासाठीच रे.” कुंपणानंच शेत खाल्लं! “लोकांच्या दारांना कड्या बसवून हात झिजले,” तो बायकोला म्हणाला, “आणि तू माझ्याच घरची काढवलीस? आधी दार तरी वाजवायचंस!” आत जाऊन तो दाराला पाठ लावून बसला. बऱ्याच वेळानं टकटक झाली. “येऊ आत?” बायकोनं विचारलं. राग गेला नव्हता, तरी तो वीतभर सरकला.