बाकाची दोन टोकं

कॅम्पातल्या त्या जुन्या चर्चमध्ये दानाची थैली आज हातोहात सरकत आली. एरवी दर रविवारी बन्यामीन आजोबांना खिडकीकडच्या टोकावरून उठून ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला, सगुणाबाईंकडे नेऊन द्यावी लागे. आज मधे मुलगा होता, सून होती आणि आजीच्या मांडीवर डोकं टेकून पेंगणारी सात वर्षांची जोआना. चार वर्षांनी कॅनडाहून आलेली मंडळी बुधवारी परत जायची होती. रंगीत काचांतून उतरलेलं निळं ऊन पोरीच्या केसांवर हलत होतं. गाणं सुरू झालं, तसा सगळा बाकच पाण्यावर तरंगतोय असं सगुणाबाईंना वाटायला लागलं. आपण हललो तर काठाला लागेल, म्हणून त्या हलल्याच नाहीत.

उपासना संपल्यावर मागच्या बाकावरच्या एस्तेरबाईंनी दारातच मुलाला गाठलं. "बरं झालं बाबा आलात! तुमच्यामुळे यांचं भांडण तरी मिटलं. चार वर्षं बघतेय मी, एवढा मोठा बाक, पण नवराबायको बसणार दोन टोकांना!"

मुलगा आईकडे बघतच राहिला. जोआनाने आजीचा पदर ओढला. "आजी, तुझी आजोबांशी कट्टी होती?"

"नाही गं," तिचे विस्कटलेले केस सारखे करत सगुणाबाई म्हणाल्या, "जवळजवळ बसलो असतो, तर तुमच्या जागेवर दुसरं कुणी येऊन बसलं असतं."