माशांचा उपास

मॅडमनी तळ्याकाठी मेलेल्या रोहू माशाचं पोट चिरलं आणि शुक्राला जवळ बोलावलं. आतड्याभोवती पांढरी चरबी लपेटून बसली होती. काळीज लालसर असायला हवं, ते पिवळट पडलं होतं. बोट लागताच लोण्यासारखं पसरलं.

"हा साथीचा रोग नाही, शुक्राभाऊ. खाणं जास्त झालंय. तेल तर फारच," डहाणूहून आलेल्या मत्स्य खात्याच्या मॅडम म्हणाल्या. "तेल आजपासून बंद. काही दिवस खाद्यही घालू नका. उपासानंच वाचतील."

शुक्रा ओशाळला. चारोटीच्या दुकानदारानं त्याला सांगितलं होतं, खाद्याच्या गोळ्यांना माशाचं तेल चोळा, मासा झटपट भरतो. मासा भरलाही होता. तलासरीच्या बाजारात लोक त्याच्या पाटीकडे वळून बघायचे. पाऊस सरला तसे मासे सुस्तावले. मग रोज एखाददुसरा उलटा तरंगायला लागला.

तेल चोळायचं काम त्याच्या बायकोचं, चिमीचं. परातीत गोळ्या घ्यायच्या, वरून तेलाची धार सोडायची, दोन्ही हातांनी हलकेच चोळत बसायचं. हे काम ती शुक्रालाही करू देत नसे. मॅडमचं बोलणं तिनं बांधावर उभं राहून ऐकलं आणि घराकडे वळली.

शुक्रानं खाद्याचं पोतं माळ्यावर चढवलं. तरी मासे मरतच राहिले. उलट जास्तच. कुणीतरी तळ्यात काही कालवतंय, असं त्याच्या मनानं घेतलं. शेजारच्या नविनशी तो बांधावर उभा राहून भांडला. लहानपणापासूनची दोस्ती, पण एकमेकांची आई काढण्यापर्यंत गोष्ट गेली. दोघांचं बोलणं तुटलं.

आणि एका सकाळी अख्खं तळं पांढरं झालं होतं. जिकडे बघावं तिकडे माशांची पोटं.

शुक्रा कमरेइतक्या पाण्यात उतरला. हाताला लागला तो मासा त्यानं काठावर आणून कोयत्यानं चिरला. आतडं गच्च भरलेलं होतं. नुकत्याच गिळलेल्या गोळ्या, अजून न विरघळलेल्या, तेलानं चकचकणाऱ्या.

तो तसाच ओल्या अंगानं घरात शिरला. चिमी चुलीपुढे बसली होती. त्यानं तिचा हात ओढून नाकाशी नेला. माशाच्या तेलाचा उग्र वास.

"तू घालत होतीस? मी नविनला चोर ठरवला, चिमे! मॅडम काय म्हणाल्या ते तू ऐकलं होतंस ना? उपासानं वाचणार होते ते!"

"ऐकलं होतं." तिनं हात सोडवून घेतला नाही. "पण उपासानं कोण वाचतं?"

शुक्रानं तिचा हात सोडला. वीटभट्टीवर लेक गेली त्या वर्षापासून दोघांनीही तिचं नाव तोंडातून काढलं नव्हतं.

"मी काठावर गेले की सगळे तोंड उघडून यायचे," चिमी म्हणाली. "आपली सोमीपण शेवटी अशीच बघत होती माझ्याकडं. तेव्हा माझ्या हातात काहीच नव्हतं."